नामवंत गायकाचा तानपुरा: दुरुस्तीला मिरजेला न्यावा की आहे तसा ठेवावा?

जुना तानपुरा खिडकीच्या उजेडात आडवा ठेवा आणि दांडीकडे तिरकं बघा. तारा छेडताना अंगठा जिथे टेकतो तिथलं पॉलिश गेलेलं असतं. लाकूड काळसर आणि हाताला रेशमासारखं मऊ लागतं. वर्षानुवर्षांच्या रियाजाशिवाय ती जागा तयार होत नाही, आणि पॉलिश पेपरचे चार हात फिरले की ती कायमची जाते.

आमच्या घरी मावशीच्या गुरुजींचा तानपुरा आहे. मावशीने तो फार मायेने दुरुस्तीला दिला होता. परत आला तेव्हा लखलखत होता आणि सगळे खूश झाले. पुढे गुरुजींचे मैफलीतले दोन जुने फोटो हाती आले. दोन्हींत दांडीच्या वरच्या अंगाला एक तिरकी खाच स्पष्ट दिसते. आमच्या तानपुऱ्यावर त्या जागी लांबी, म्हणजे खाचा बुजवायचा लगदा, भरून वरून रंग दिलेला आहे. तानपुरा तोच आहे हे आम्हाला ठाऊक आहे, पण दाखवून देण्यासारखं आता काही उरलेलं नाही. म्हणून अशा वाद्याबद्दल कुणी विचारलं की मी एकच सांगते: आधी खात्री, मग डागडुजी. हा क्रम उलटला की पुरावा पॉलिशबरोबर घासला जातो.

पूर्ण दुरुस्ती की जतन, या प्रश्नाला तानपुऱ्यांच्या दुनियेत फारसे नोंदलेले दाखले नाहीत. गिटारींच्या लिलावांत ते भरपूर आहेत, म्हणून दोन गिटारी शेजारी ठेवून बघू. दोन्ही एरिक क्लॅप्टन या इंग्रज गिटारवादकाच्या.

पहिली 'ब्लॅकी'. 1970 च्या सुमारास क्लॅप्टनने अमेरिकेतल्या नॅशव्हिलमध्ये फेंडर कंपनीच्या जुन्या स्ट्रॅटोकॅस्टर गिटारी घेतल्या, काही मित्रांना दिल्या आणि उरलेल्या तिघींचे चांगले भाग जोडून ही एक बनवली. कारखान्याच्या हिशेबाने बघितलं तर ती अस्सल नाहीच, तिघींची मिळून एक आहे. पण जोडणी ज्याची गिटार त्यानेच करवली आणि पुढे वर्षानुवर्षं तीच वाजवली. गिटारीची मान, म्हणजे दांडी, झिजली तेव्हा 1985 च्या आसपास ती बाजूला ठेवली. 2004 मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात ती त्या झिजेसकट 9,59,500 डॉलरना गेली.

दुसरी, 1967 मध्ये 'द फूल' नावाच्या चित्रकारांच्या गटाने रंगवलेली गिब्सन कंपनीची एसजी गिटार. ही पुढे टॉड रंडग्रेन या संगीतकाराकडे 500 डॉलरना आली तेव्हा तिची अवस्था वाईट होती. त्याने ती दुरुस्त करून घेतली, उडालेल्या रंगावर पुन्हा हात फिरवून घेतला आणि स्वतः वाजवली. तरीही 2023 मध्ये तिला 12 लाख 70 हजार डॉलर आले. दोन लिलावांत 19 वर्षांचं अंतर आहे, तेव्हा आकड्याला आकडा लावून काही सिद्ध होणार नाही. मला त्यातून दुसरी गोष्ट दिसते. दुरुस्ती झाली म्हणून वस्तू बाद झाली नाही, कारण ती कोणाच्या हातात असताना आणि का झाली हे सगळ्यांना माहीत होतं.

बीटल्सच्या जॉन लेननने तर 1968 मध्ये आपल्या एपिफोन कसिनो गिटारीचा मूळ रंग खरवडून लाकूड उघडं करवून घेतलं. तेच आज तुम्ही-आम्ही केलं तर नासधूस ठरेल. मालकाने स्वतः केलेला बदल हा त्या वस्तूच्या आयुष्याचा भाग असतो. मागाहून दुसऱ्याने केलेला बदल मात्र लिहून ठेवलेला हवा, आणि उलटवता येण्यासारखा हवा.

आता खात्रीकडे. घरची आठवण, सोबतचा कागद आणि जुना फोटो हे तीन पुरावे बहुतेकांकडे असतात. तिन्हींचं वजन सारखं नाही.

घरची आठवण कमी लेखू नये. 2020 मध्ये ब्रिस्टलच्या एका लिलावगृहाच्या टपालपेटीत गांधीजींचा चष्मा साध्या पाकिटातून आला. मालकाच्या कुटुंबातला एक जण दक्षिण आफ्रिकेत नोकरीला होता आणि तिथे त्याला तो मिळाला, अशी घरात चालत आलेली हकिकत होती. हकिकतीतला काळ आणि जागा जुळतात का ते तपासलं गेलं आणि चष्मा 2 लाख 60 हजार पौंडांना गेला. म्हणजे आठवण सांगायची तर गाव, साल, कोणी कोणाला दिलं, हे सगळं हवं. 'आमच्याकडे पहिल्यापासून आहे' एवढ्यावर भागत नाही.

कागदावर मात्र लोक डोळे मिटून विश्वास ठेवतात. साताऱ्याच्या संग्रहालयात 2024 मध्ये लंडनहून आलेली वाघनखं बघायला आपण रांगा लावल्या. त्यांच्या पेटीवर ती शिवाजी महाराजांची आणि साताऱ्याचा इंग्रज रेसिडेंट ग्रँट डफ याला मिळालेली असल्याचा मजकूर आहे. तरीही ज्यांच्या मालकीची ती आहेत ते व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालय स्वच्छ सांगतं की अफझलखानाच्या वेळी वापरलेली वाघनखं हीच, याची पडताळणी करता आलेली नाही. नंतर लिहिलेला मजकूर लिहिणाऱ्याची समजूत सांगतो, वस्तूबद्दल शपथ घेत नाही. तुमच्या तानपुऱ्यासोबतचं पत्र खुद्द गायकाचं आहे, शिष्याचं आहे की विकणाऱ्याचं, हे आधी बघा. विकणाऱ्याच्या प्रमाणपत्राला मी जवळजवळ शून्य किंमत देते.

फोटो सर्वांत भरवशाचा, आणि तानपुऱ्याच्या बाबतीत तर विशेषच. गिटारीवर अनुक्रमांक असतो. लेननची 1963 मध्ये हरवलेली गिब्सन अनेक वर्षांनी कॅलिफोर्नियात सापडली ती त्या क्रमांकामुळे ओळखता आली, आणि 2015 मध्ये 24 लाख 10 हजार डॉलरना विकली गेली. तानपुऱ्याला असा क्रमांक नसतो, पण तो सबंध हातांनी घडलेला असतो. भोपळ्याचा आकार, गळ्याजवळच्या पानांची कोरणी, पट्टीच्या नक्षीतली एखादी चुकलेली ओळ, तबलीवरच्या, म्हणजे भोपळ्यावरच्या लाकडी झाकणावरच्या, लाकडाच्या रेषा, हे सगळं दोन वाद्यांत तंतोतंत जुळत नाही. भिंगाखाली फोटो धरून चार-पाच खुणा पटल्या तर वाद्य तेच.

फक्त एक खबरदारी घ्या. परगावच्या मैफलीत गायकामागे दिसणारे तानपुरे पुष्कळदा यजमानांचे असत. एकाच मैफलीचा फोटो असेल तर गायक त्या तानपुऱ्यावर गायला एवढंच ठरतं, तानपुरा त्याचा होता हे ठरत नाही. निरनिराळ्या सालांचे, शक्यतो घरातल्या रियाजाचे फोटो शोधा.

खात्री झाली की मग कारागिराकडे. इथे प्रत्येक कामाचा वेगळा विचार करावा लागतो. जवारी काढणं, म्हणजे तार गुंजावी म्हणून घोडीचा (ज्यावरून तारा जातात त्या पट्टीचा) माथा घासून जुळवणं, ही दुरुस्तीच नाही, ती देखभाल आहे. तारांनी घोडी झिजते, ती पुन्हा घासावीच लागते, आणि ज्या तानपुऱ्यावर कुणी आयुष्यभर गायलं त्याची घोडी एकदा तरी बदललेली असणार. तारा, सूर बारीक जुळवायचे मणी, घोडीवर तारेखाली घालायचं सूत यांचंही तेच. हे बिनधास्त करून घ्या.

भोपळ्याला तडा असेल तर तो सांधावाच लागेल, नाहीतर पावसाळ्यात वाढेल. पण कशाने सांधणार ते विचारा. जुन्या पद्धतीचा सरस ऊब आणि ओलाव्याने पुन्हा सुटतो. दोन नळ्यांचा आधुनिक चिकट गोंद एकदा बसला की पुढच्या माणसाला भोपळा फोडल्याशिवाय काही करता येत नाही. पॉलिशचंही तसंच: चपडा लाखेचं पॉलिश स्पिरिटने निघतं, कारखानी पीयू (पॉलियुरेथेन) कोट काढायला घासावंच लागतं. आणि खरं सांगायचं तर पॉलिश करूच नका. कोरड्या मऊ फडक्याने पुसा, तेवढं पुरे.

खुंटी घसरत असेल तर खडू लावून बघा, लगेच नवी बसवू नका. कीड लागलेली दिसली तर मात्र थांबू नका. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात संवर्धन केंद्र आहे, अशा ठिकाणच्या जाणकारांना आधी दाखवा.

परदेशातल्या मुलाकडे वाद्य पाठवायचा बेत असेल तर आधी घोडी आणि नक्षी कशाची आहे ते तपासा. हस्तिदंत आणि सांबरशिंग दोन्हींच्या व्यवहाराला वन्यजीव संरक्षण कायद्याने मज्जाव आहे. वाद्य शंभर वर्षांहून जुनं असेल तर पुरावशेषांच्या 1972 च्या कायद्यामुळे खाजगी व्यक्तीला ते देशाबाहेर नेता येत नाही.

तर ठरवायचं कसं? घरात गाणं चालू असेल आणि गुरूच्या तानपुऱ्यावर गायचं हीच ओढ असेल तर तो गाता ठेवा. जवारी काढा, तडा सांधा, वरच्या अंगाला हात लावू देऊ नका. मला हा मार्ग मनापासून आवडतो, कारण तानपुरा गप्प ठेवला तर त्याचं निम्मं सत्त्व जातं. विकायचा किंवा संग्रहालयाला द्यायचा असेल तर काहीच करू नका, अगदी जवारीही नको. तारा थोड्या उतरवा, उभा टेकवून ठेवण्याऐवजी गवसणीत (कापडी खोळीत) आडवा ठेवा आणि आहे तसाच दाखवा. पुण्याच्या केळकर संग्रहालयातली वाद्यं एकदा बघून या, झिजलेली वस्तू किती बोलते ते कळेल. आणि तुम्हाला फक्त सुरेल साथ हवी असेल, तर मिरजेहून नवी जोडी घ्या. तिथल्या सतारीला आणि तानपुऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे, आणि तिथली कारागिरी आजही तितकीच जिवंत आहे. जुन्याला त्याच्या जागी विसावू द्या.

दुरुस्तीला दिलंच, तर देण्याआधी दिवसाच्या उजेडात सगळ्या बाजूंनी फोटो काढा, भोपळ्याच्या आतूनही, छोटा आरसा आणि टॉर्च लावून. काय करायचं आणि काय करायचं नाही हे कागदावर लिहून कारागिराची सही घ्या. घोडी, खुंटी, मणी, जे काही बदललं जाईल ते कापडी थैलीत घालून परत मागा. ती थैली तानपुऱ्याच्या गवसणीतच ठेवा.