मागे उघडी राहिलेली अ‍ॅप्स आणि बॅटरी: काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

काम झाले की अलीकडच्या अ‍ॅप्सची यादी उघडून सगळी अ‍ॅप्स सरकवून टाकायची, हा बॅटरी वाचवण्याचा पहिला उपाय म्हणून आपल्याकडे घरोघरी सांगितला जातो. गेले काही महिने मी माझ्या अँड्रॉइड फोनवर हा उपाय पूर्णपणे थांबवला आहे. आधीच्या काळाशी तुलना करता रात्री शिल्लक राहणाऱ्या चार्जिंगमध्ये मला काहीही घट आढळली नाही. फोन मात्र अधिक चपळ वाटू लागला.

त्या यादीत दिसणारे प्रत्येक अ‍ॅप चालू असतेच असे नाही. बहुतेक अ‍ॅप्सची शेवटची स्थिती केवळ रॅममध्ये, म्हणजे फोनच्या तात्पुरत्या स्मृतीत, जपलेली असते, प्रोसेसर त्यांच्यासाठी काम करत नसतो, आणि रॅम भरलेली असली काय किंवा रिकामी असली काय, तिला लागणारी वीज जवळपास सारखीच असते. जागा अपुरी पडली की जुनी अ‍ॅप्स प्रणाली स्वतःच बाहेर काढते. याउलट दिवसातून अनेकदा लागणारे यूपीआयचे अ‍ॅप दर वेळी काढून टाकले, तर ते प्रत्येक वेळी मुळापासून सुरू करावे लागते आणि त्यातच प्रोसेसरची जास्त मेहनत खर्च होते. २०१६ मध्ये ॲपलच्या सॉफ्टवेअर विभागाचे प्रमुख क्रेग फेडेरिगी यांनी एका ग्राहकाला, बॅटरीसाठी अ‍ॅप्स अशी बंद करण्याची गरज नाही, असे स्पष्ट उत्तर दिले होते आणि तेव्हा गूगलमध्ये अँड्रॉइडची धुरा सांभाळणारे हिरोशी लॉकहायमर यांनीही त्याच सुमारास तसेच मत मांडले होते. अँड्रॉइडमध्ये तर २०१५ च्या सहाव्या आवृत्तीपासूनच पडून असलेल्या फोनमधील अ‍ॅप्सना झोपवणारी ‘डोझ’ ही सोय आहे.

मग बॅटरी जाते कुठे? सेटिंग्जमधील बॅटरी वापराचा तक्ता मी नियमितपणे पाहत गेलो, तेव्हा उन्हात पूर्ण उजेडावर ठेवलेला स्क्रीन आणि क्षीण नेटवर्क हेच मोठे खर्च ठळकपणे दिसले. कोकण रेल्वेच्या प्रवासात, एकामागून एक बोगदे येत असताना, फोन खिशात पडून असूनही चार्जिंग भराभर उतरते, कारण तो सतत टॉवर शोधत राहतो. त्या वेळी यादी रिकामी करून काही उपयोग होत नाही, एअरप्लेन मोडचा मात्र निश्चित होतो.

अपवाद आहेत आणि ते महत्त्वाचे आहेत. रस्ता दाखवणारे नकाशाचे अ‍ॅप, चालू व्हीपीएन (इंटरनेट जोडणी सुरक्षित मार्गाने वळवणारी सोय), सतत लोकेशन वापरणारे व्यायामाचे अ‍ॅप ही खरोखरच मागे काम करत असतात आणि बहुधा तसे सांगणारी सूचना वरच्या पट्टीत दिसत राहते. माझ्या फोनवर खरेदीचे एक अ‍ॅप तक्त्यात विनाकारण वर येत असे. यादीतून सरकवूनही ते पुन्हा जागे होई. त्याची लोकेशनची परवानगी ‘अ‍ॅप वापरताना’ एवढीच ठेवली आणि पार्श्वभूमीतील बॅटरी वापरावर निर्बंध घातला, तेव्हाच ते खाली गेले. ‘फोर्स स्टॉप’, म्हणजे सेटिंग्जमधून अ‍ॅप सक्तीने बंद करणे, हा उपाय मात्र जपून करावा, कारण त्यानंतर अ‍ॅप पुन्हा उघडेपर्यंत त्याच्या सूचना येत नाहीत. संदेशांच्या किंवा बँकेच्या अ‍ॅपवर मी तो कधीच वापरत नाही. अडकून पडलेल्या, प्रतिसाद न देणाऱ्या अ‍ॅपपुरताच तो राखून ठेवला आहे.