ड्युअलसेन्स: ब्रेक बोटाला कळतो

रेसिंग गेम खेळणाऱ्यांनी कंट्रोलर निवडताना आधी ट्रिगर (तर्जनीने ओढायचे मागचे खटके) बघावा, रंग आणि बटणं नंतर. 2020 साली आलेला प्लेस्टेशन 5 चा कंट्रोलर ड्युअलसेन्स मला आवडतो तो त्याच्या एल2 आणि आर2 या डाव्या-उजव्या ट्रिगरांमुळेच. या ट्रिगरांच्या आत छोट्या मोटर आहेत, त्यामुळे गेम सांगेल तसा ट्रिगर कडक किंवा मऊ होतो.

ग्रॅन टुरिस्मो 7 या रेसिंग गेममध्ये याचा खरा कस लागतो. नुर्बुर्गरिंग या जर्मन ट्रॅकच्या उतारावर वेगात येऊन एल2, म्हणजे ब्रेक, दाबा. सुरुवातीला तो सहज जातो, मग बोटाला विरोध जाणवू लागतो. एबीएस (ब्रेक मारताना चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) लागलं की ट्रिगर बोटाखाली थरथरतो. ती थरथर सुरू झाली की मी दाब किंचित सोडते आणि मगच गाडी वळवते. स्क्रीनवरचे आकडे बघायची गरजच उरत नाही. नुसत्या चालू-बंद बटणाने ब्रेक मारून ही बारीक पकड कधीच येणार नाही.

स्टिअरिंगचं मात्र तसं नाही. लॉजिटेक जी29 या गेमिंग स्टिअरिंगचं चाक 900 अंश फिरतं, इथे कंट्रोलरच्या छोट्या स्टिकवर अंगठ्याला जेमतेम सेंटिमीटरभर जागा. लांब वळणावर स्टिक अर्धीच धरून ठेवायची तर अंगठा अवघडतो. अशा वेळी मोशन सेन्सर चालू करून कंट्रोलरच चाकासारखा फिरवून बघा, हात बसला की फार छान वाटतं.

बॅटरी लवकर उतरते, म्हणून केबल जवळ असू द्या. चाक आणि पेडलसाठी घरात जागा नसेल तर डोळे झाकून हाच घ्या.