काळा घोडा, महोत्सव सोडून: आठ महिन्यांचा अनुभव

फेब्रुवारीतल्या कला महोत्सवाचे नऊ दिवस पाहून ज्यांनी मुंबईतल्या काळा घोडा परिसराबद्दल मत बनवलंय, त्यांनी एकदा भर जुलैत यावं. माझं ऑफिस फोर्टात. जेवणाच्या सुट्टीत नाहीतर सुटल्यावर, आठवड्यातून एक चक्कर ठरलेली. महोत्सवात चित्रं कमी आणि पाठी जास्त दिसतात.

जहांगीर कलादालन १९५२ चं. प्रवेश फुकट. प्रदर्शनं मंगळवारी लागतात, सोमवारी उतरतात. सुरुवातीला मी हौसेने मंगळवारी जायचो; तेव्हा चित्रकार पुष्पगुच्छ आणि पाहुण्यांत अडकलेला. एका सोमवारी संध्याकाळी सहज शिरलो, तेव्हापासून सोमवारच धरला. आठवडाभर खुर्चीत बसून कंटाळलेला माणूस भरभरून बोलतो. एका जलरंगवाल्याने नदीवरची चमक दाखवली आणि म्हणाला, "इथे पांढरा रंग नाहीच, कागद सोडलाय." मग वही पुढे सरकवली, "दोन ओळी लिहा की." सात वाजता बबल रॅप, सुतळी, बाहेर टेम्पो. किती गेली हे विचारायचं नसतं, बांधलेले गठ्ठे दिसतातच. या भिंतींवर जागा मिळावी म्हणून चित्रकार वर्षानुवर्षं रांगेत थांबलेला असतो.

बाहेरच्या फुटपाथवरच्या चित्रकारांना ही रांग नाही, पण छप्परही नाही. सर आली की प्लास्टिक आधी चित्रांवर, मग उरलं तर डोक्यावर. तिथून मी शाईतलं एक चित्र घेतलं आणि घराजवळच्या फ्रेमवाल्याकडे दिलं. त्याने माउंट, म्हणजे काच आणि चित्रात अंतर ठेवणारी पुठ्ठ्याची चौकट, न घालता काच थेट कागदावर दाबली. पावसाळ्यात एक कोपरा काचेला चिकटला. चित्रकाराला दाखवलं तर आधी मलाच ओरडला.

आधुनिक कलेचं राष्ट्रीय संग्रहालय रस्ता ओलांडला की आलंच. जुन्या कावसजी जहांगीर हॉलमध्ये ते १९९६ ला सुरू झालं. गोलाकार मजले चढत घुमटाखाली पोचायचं. सोमवारी बंद, त्यामुळे माझी पंचाईत.

खटकलं ते एवढंच: एका खासगी गॅलरीत बेल वाजवून आत गेलो तर रखवालदाराने आधी चपला पाहिल्या. आणि टेकायच्या जागा कमी होत गेल्या. जहांगीरमधलं समोवार कॅफे २०१५ ला गेलं, ऱ्हिदम हाउस हे गाण्यांच्या रेकॉर्डचं दुकान पुढच्याच वर्षी. परिसराला नाव देणारा घोड्याचा पुतळा तेवढा २०१७ ला नव्याने परत आला, तोही स्वाराशिवाय. जुना स्वारासकट राणीच्या बागेत.

चित्राला आता माउंट आहे. कोपऱ्यावरचा डाग राहिलाय.