जुन्या फोक्सवॅगन कॅम्परसाठी घरी येणारा मेकॅनिक : एका सेवेचा अनुभव

आमच्याकडे १९७३ सालची फोक्सवॅगन टाइप टू कॅम्पर आहे. मागे १६०० सीसीचे हवेने थंड होणारे इंजिन, त्यावर सोलेक्स ३४ पिक्ट-३ कार्ब्युरेटर, आत घडीचा पलंग आणि गॅसची शेगडी असा तिचा संसार. ब्रिस्टलमध्ये राहणाऱ्या आम्हा दोघांना तिने अनेक उन्हाळे सुखाने फिरवले. मात्र गेल्या वर्षी ती ‘एम फाइव्ह’ महामार्गावर तासाभराच्या आतच दम टाकू लागली. जुन्या गाड्यांसाठी घरी येऊन दोष शोधून देणाऱ्या ज्या मेकॅनिकने हे दुखणे अखेर उलगडले, त्याच्या सेवेविषयी हे लिहीत आहे. तो एकटाच काम करतो, जाहिरात करत नाही आणि नाव कुठे छापून आलेले त्याला आवडत नाही, म्हणून ते येथे दिलेले नाही.

दुखण्याचे स्वरूप आधी सांगावे लागेल, कारण त्यातच सगळी मेख होती. ताशी ५५ मैलांच्या वेगाने पाऊणएक तास चालल्यावर गाडीची ओढ हळूहळू कमी होत जाई, ती दोन-तीन आचके देई आणि बंद पडे. टॉन्टन डीनच्या थांब्यावर आम्ही ती कशीबशी गडगडत नेली आणि चावी फिरवली, तर इंजिन फिरेचना. मागून केवळ ‘टक’ असा आवाज येई. अर्धा तास थांबल्यावर मात्र सेल्फ लागे, इंजिनही सुरू होई आणि पुढची वीस-पंचवीस मिनिटे गाडी जणू काहीच झाले नाही अशी धावे. शहरातल्या शहरात तर कधीच तक्रार नव्हती. ‘गरम झाली की बंद पडते आणि निवली की सुरू होते’ एवढ्या एका वाक्यावरून आधीच्या एका गॅरेजने प्रथम ठिणगीसाठी वीज पुरवणारी कॉइल बदलली, मग पेट्रोल पंप बदलला आणि तिसऱ्या खेपेला नव्या कार्ब्युरेटरचा खर्च सांगितला. तिथे आम्ही हात जोडले.

या मेकॅनिकने फोनवरच दोन प्रश्न विचारले. बंद पडल्यावर इंजिन फिरत नाही, की फिरते पण पेट घेत नाही? आणि बंद पडताना ते दिवा मालवल्यासारखे एकदम बंद होते, की आचके देत, धापा टाकत? पहिल्या प्रश्नाचे उत्तर ऐकून तो म्हणाला की इंजिन फिरत नसेल तर त्याच्याशी पेट्रोलचा काही संबंध नाही. आणि दुसऱ्याचे ऐकून म्हणाला की प्रज्वलनातला दोष बहुधा एका क्षणात इंजिन मारतो, धापा लागतात त्या उपाशी इंजिनाला. अर्थात त्याच्या मते दोष एक नसून दोन होते आणि उष्णतेच्या निमित्ताने ते एकाच वेळी दिसत असल्यामुळे एकच भासत होते. आपण येण्यापूर्वी गाडी महामार्गावर अर्धा तास पळवून गरमच उभी ठेवावी, अशी त्याची अट होती. तीन वेळा गॅरेजला गेलेल्या आमच्या गाडीला गरम असताना हात लावणारा तो पहिलाच माणूस.

सेल्फचा दोष त्याने वीस मिनिटांत दाखवला. मल्टिमीटरची एक तार बॅटरीच्या ऋण टोकाला आणि दुसरी स्टार्टरच्या सोलेनॉइडवरील (विजेने ओढला जाऊन स्टार्टर चालू करणारा चुंबकी स्विच) ५० क्रमांकाच्या, म्हणजे चावीकडून वीज येते त्या टर्मिनलला लावून त्याने मला चावी फिरवायला सांगितली. बॅटरीजवळ १२.४ व्होल्ट असताना त्या टर्मिनलपर्यंत ७.८ व्होल्टच पोहोचत होते. या गाडीत बॅटरी आणि स्टार्टर दोन्ही मागे, पण विजेला चावीपर्यंत पुढे जाऊन पुन्हा मागे यावे लागते. पन्नास वर्षांच्या तारा, फ्यूजपेटीतले गंजके जोड आणि झिजलेला स्विच यांत वाटेतच व्होल्टेज गळते. सोलेनॉइड थंड असताना तेवढ्यावर कसाबसा ओढला जातो. तापला की त्याच्या वेटोळ्याचा रोध वाढतो आणि तो नुसता टकटकतो. गिअरबॉक्स आणि सांगाडा यांना जोडणारी अर्थिंगची विणलेली पट्टीही हिरवट पडली होती. ती नवी घालून आणि सोलेनॉइडला बॅटरीकडून थेट वीज देणारा साधा चार पायांचा रिले, म्हणजे चावीच्या इशाऱ्यावर चालणारा स्विच, बसवून हा विषय संपला. रिलेच्या तारेत फ्यूज मात्र नव्हता. मी विचारल्यावर त्याने तो बसवला, पण विचारावे लागायला नको होते.

पेट्रोलचा शोध अधिक रंजक ठरला. ठिणगी निळी आणि जोमदार होती, ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरच्या पॉइंटमधली फट ०.४ मिलिमीटर, म्हणजे हवी तेवढीच होती, चावी चालू करताच कार्ब्युरेटरवरील आयडलचा (मंद चालीच्या पेट्रोलची वाट उघडणारा) सोलेनॉइड टिचकी देत होता. ही बाजू त्याने पाहिली आणि सोडून दिली. पंप आणि कार्ब्युरेटर यांच्यामध्ये मापक जोडला, तर दाब तीन पीएसआय, म्हणजे ठीकच. टाकीला हवा मिळत नसेल या शंकेने झाकण उघडे ठेवून पाहिले, फरक नाही. मग इंजिन निवू दिले, अग्निशामक हाताशी ठेवला, टाकीकडून पंपाकडे येणारी नळी सोडवून खाली धरलेल्या काचेच्या बरणीत सोडली आणि मला घड्याळ बघायला सांगितले. सुरुवातीला पेन्सिलीएवढी जाड धार पडली. पहिला अर्धा लिटर भरायला जेवढा वेळ लागला, त्याच्या तिपटीहून अधिक दुसऱ्याला लागला आणि शेवटी तर सलाइनसारखे थेंब पडू लागले. त्याने नळीच्या तोंडाशी सायकलचा पंप लावून अगदी हलकेच हवा सोडली. टाकीत बुडबुड असा आवाज झाला आणि धार पुन्हा जाड झाली.

टाकीच्या तळाशी, जिथून पेट्रोल बाहेर पडते तिथे, एक बारीक जाळी असते. महामार्गावर पेट्रोलचा प्रवाह मोठा, त्यासरशी टाकीतला गंज जाळीवर जाऊन चिकटतो. गाडी थांबली की तोच गंज सुटून तळाशी बसतो. अर्ध्या तासाच्या विश्रांतीने गाडी बरी होत होती ती निवल्यामुळे नव्हे, जाळी मोकळी झाल्यामुळे. शहरात पेट्रोल लागतेच थोडे, म्हणून तिथे तक्रार नव्हती. शिवाय गंज जाळीच्या अलीकडे येतच नसल्याने पंपाआधीचा कागदी फिल्टर लख्ख होता आणि त्या स्वच्छ फिल्टरनेच आधीच्या गॅरेजला चकवले असावे. पुण्याला वडिलांच्या स्कूटरचा मेकॅनिक काही उघडण्याआधी पेट्रोलची नळी काढून धार बघायचा. त्याची मला त्या बरणीजवळ उभे असताना आठवण झाली.

टाकी काढायची तर या मॉडेलमध्ये आधी इंजिन उतरवावे लागते. ते आमच्या दारात शक्य नव्हते, त्यामुळे गाडी पुढे त्याच्या शेडमध्ये गेली. जुनी टाकी आतून लेप देऊन वापरण्यास त्याने स्पष्ट नकार दिला, कारण इथेनॉलमुळे असे काही लेप सुटून येतात आणि पुन्हा जाळीच भरते. २०२१ च्या सप्टेंबरपासून येथील साध्या पेट्रोलमध्ये दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि ते जुन्या रबराला खाते, म्हणून नव्या टाकीबरोबर सर्व नळ्याही इथेनॉल सोसणाऱ्या ‘आर नाइन’ छापाच्या घातल्या. त्याच वेळी कार्ब्युरेटरच्या तोंडाची पितळी नळी त्याने बोटाने हलवून दाखवली. ती सहज फिरत होती. ही नळी चालत्या गाडीत निसटली तर पेट्रोल तापलेल्या इंजिनावर सांडते आणि अशा रीतीने या जातीच्या गाड्या जळाल्या आहेत. त्याने ती नीट घट्ट ठोकून वर तारेने बांधून टाकली. मी कशासाठीही पैसे दिले नसते तरी एवढ्यासाठी दिले असते.

निदानाचे दोन तास आणि येण्याजाण्याचे मिळून १४० पौंड झाले. टाकीचे काम वेगळे. निदानापुरते बोलायचे तर हे पैसे आधीच्या नको असलेल्या पंप-कॉइलच्या बिलाहून कमीच होते. उणिवा आहेत. वेळ मिळायला तीन आठवडे लागले, फोन तो संध्याकाळीच उचलतो, आणि बिलावर एका ओळीत ‘दोष शोधला’ एवढेच लिहिलेले असते. मोजलेले आकडे मी स्वतः टिपून घेतले नसते तर माझ्याकडे काहीच उरले नसते. कार्ब्युरेटरऐवजी बॉशच्या इंजेक्शनवर चालणाऱ्या, अमेरिकेतून आणलेल्या गाड्या तो घेत नाही, हेही आधी जाणून असावे.

त्याला बोलावणारच असाल तर टाकी पाव भरलेली ठेवा. मी आदल्या दिवशी मोठ्या उत्साहाने ती काठोकाठ भरून आणली होती आणि गाडी शेडमध्ये सोडताना पेट्रोल उपसून न्यायला तीन शेजाऱ्यांकडून डबे मागत फिरलो.