यंत्रांची मांडणी: ओळीत, विभागवार की सेलमध्ये?

यंत्रांच्या मांडणीचा निर्णय बहुतेक वेळा शेडचा नकाशा पसरून घेतला जातो. वास्तविक त्याची सुरुवात रूटिंगपासून, म्हणजे कोणता भाग कोणत्या क्रमाने कोणत्या यंत्रांवर जातो आणि किती संख्येने, येथून व्हायला हवी.

एकच उत्पादन मोठ्या संख्येने व दीर्घकाळ निघणार असेल, तर यंत्रे प्रक्रियेच्या क्रमाने ओळीत लावावीत. फोर्डच्या हायलँड पार्क कारखान्यात 1913-14 मध्ये फिरत्या ओळीमुळे चासी (मोटारीचा सांगाडा) जोडणीचा वेळ सुमारे 12.5 तासांवरून दीड तासावर आला. मात्र ओळीचा वेग सर्वांत संथ यंत्र ठरवते आणि एक यंत्र बंद पडले की सगळी ओळ थांबते.

खरी ओढाताण असते ती विभागवार आणि सेल मांडणीत. लेथ (नग फिरवून कापणारी यंत्रे) एकीकडे, मिलिंग (फिरत्या कटरने कापणारी यंत्रे) दुसरीकडे अशी विभागवार मांडणी विविध प्रकारची कामे सहज पेलते, आणि एक लेथ बिघडला तर शेजारचा काम उचलतो. त्याची किंमत मालाला मोजावी लागते: प्रत्येक विभागाच्या दाराशी बॅच पडून राहते आणि दोष पुढच्या विभागात पोहोचल्यावरच कळतो. सेलमध्ये एकसारख्या भागांच्या गटाला लागणारी सर्व यंत्रे जवळजवळ, बहुधा इंग्रजी यू अक्षराच्या आकारात ठेवतात, त्यामुळे एकच ऑपरेटर दोन-तीन यंत्रे सांभाळतो व नग एकेक करून पुढे सरकतो. गटाचे काम नियमित असेल तर माझे मत सेलच्या बाजूचे आहे. परंतु दोन गटांना एकच महागडे ग्राइंडिंग यंत्र (घासून अचूक माप देणारे) लागत असेल तर सेल कागदावरच राहतो, आणि हीट ट्रीटमेंट (धातू तापवून व थंड करून त्याचे गुणधर्म बदलणे) तर बहुधा सेलच्या बाहेरच ठेवावी लागते.

प्रकार ठरल्यावर जागा ठरवताना अंतर गुणिले फेऱ्या हा हिशेब पुरतो. समजा, लेथवरून मिलिंगकडे पाळीत 40 फेऱ्या होतात व अंतर 25 मीटर आहे, तर ड्रिलिंगकडे 10 फेऱ्या व अंतर 5 मीटर. एकूण 1050 मीटर. मिलिंग व ड्रिलिंगची अदलाबदल केली की हेच 450 मीटरवर येते. यंत्रे थोडी असतील तर अशा अदलाबदली हातानेच करून पाहाव्यात. तथापि 12 यंत्रे 12 जागांवर बसवण्याचे 47,90,01,600 मार्ग असल्याने पुढे सॉफ्टवेअरचा आधार घ्यावा लागतो. तेही बहुधा चांगले उत्तर देते, सर्वोत्तमाची हमी देत नाही. शिवाय धातू दाबून आकार देणाऱ्या प्रेसचे हादरे ग्राइंडिंगला बाधतात, किंवा खोल पाया घातलेले यंत्र हलवणे परवडत नाही, हे त्याला आपण सांगितल्याशिवाय कळत नाही. अशी यंत्रे आधी नकाशावर पक्की करून उरलेल्यांचाच हिशेब त्याच्याकडे द्यावा, आणि लेथच्या मागे धातूचा लांब बार घालण्यापुरती जागा मोकळी ठेवावी.