गावाकडचं रान विकायचंय: बांधाच्या शेजाऱ्याला की बाहेरच्या गिऱ्हाईकाला?

वडिलोपार्जित रान विकायचं ठरलं, बहीणभावांच्या सह्यांचं जमलं, की गिऱ्हाईक दोन तऱ्हेचं येतं. एक बांधाला बांध असलेला शेजारी, दुसरं एजंटाच्या गाडीतून उतरणारं शहरातलं. मी दोघांशीही बोलणी केली आहेत. सातबारा, आठ-अ, फेरफार या जमिनीच्या सरकारी नोंदींवर लिहीत नाही. विकायला निघालेल्याला ते ठाऊक असतं.

भावाचं म्हणाल तर बाहेरचा वरचढ. शेजारी आकडा सांगण्याआधी रानाला नावं ठेवतो: वरचं टोक मुरमाड, विहीर मार्चातच तळ गाठते. पंचाईत अशी की ते खरं असतं. बाहेरच्याला यातलं काही ठाऊक नसतं. त्याला समोरचा डोंगर दिसतो आणि तो खूश होतो.

पण तोच माणूस वकिलाला घेऊन आला की पहिला प्रश्न: रस्ता कुठंय? आपण बोट दाखवतो. वकील गटाचा नकाशा उलगडतो, त्यावर रस्ता नसतो. आमची बैलगाडी कायम शेजाऱ्याच्या बांधावरून गेली. कुणी अडवलं नाही, म्हणून कुणी लिहूनही ठेवलं नाही. सातबाऱ्याच्या 'इतर हक्क' रकान्यात नोंद नाही. गिऱ्हाईकाला मात्र ते कागदावर हवं, आणि त्याचंही चूक नाही. कायद्यात सोय आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम 143 खाली तहसीलदार बांधावरून रस्ता देऊ शकतो. असलेली वहिवाट कुणी अडवली तर 1906 च्या मामलतदार न्यायालय कायद्याखाली दाद मागता येते. पण नोटिसा, स्थळपाहणी, त्यावर पुन्हा वरच्या साहेबांकडे धाव. तोवर इसार घेऊन कोण थांबतो? त्यापेक्षा शेजाऱ्याची लेखी संमती सोपी. आणि शेजारी ती कशाला देईल? रान तर त्यालाच हवंय. एजंट "मी बघतो" म्हणाला आणि पुढं फोन उचलेनासा झाला.

माझा काटा इथंच झुकला. शेजाऱ्याला रस्ता लागतच नाही, तो बांध ओलांडला की आत.

शेजारी म्हणजे सगळं गोड असंही नाही. "ऊस गेला की देतो" हे ठरलेलं वाक्य, आणि रोजचं तोंड बघायचं म्हणून आपल्याला तगादा लावता येत नाही. माझ्या मते पूर्ण रक्कम खात्यात आल्याशिवाय खरेदीखतावर सही करू नये. हप्त्यानं घ्यायचेच असतील तर साठेखत, म्हणजे पुढं विकण्याचा करार, नोंदवून घ्यावं आणि ताबा शेवटी द्यावा. शेजारी थोडा रुसेल. रुसू दे.

वाटणीत जिरायत 20 गुंठ्यांच्या किंवा बागायत 10 गुंठ्यांच्या आतला तुकडा वाट्याला आला असेल, तर निवड जवळपास उरतच नाही. 1947 चा तुकडेबंदी कायदा असा तुकडा लगतच्या खातेदारालाच विकू देतो.

तुमचं रान डांबरी रस्त्याला लागून असेल तर वरचं बरंचसं तुम्हाला लागू नाही, खुशाल बाहेरचा बघा. फक्त तो शेतकरी खातेदार आहे का, हे इसारपावतीच्या आधी विचारा. 1948 च्या कूळकायद्याचं कलम 63 बिगरशेतकऱ्याला परवानगीशिवाय शेतजमीन घेऊ देत नाही, आणि गाडीतून उतरणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना हे आपणच सांगावं लागतं.