समुद्र किती चढेल? कोणता अंदाज धरून बांधायचं?

किनाऱ्याजवळ बंधारा, पूल, सांडपाणी शुद्धीकरण केंद्र किंवा वसाहत उभारायची असेल, तर समुद्रपातळीचा एकच आकडा कोणी हातात ठेवत नाही. मिळतात चार-पाच. त्यातला नेमका खरा कोणता हे शोधत बसण्यापेक्षा स्वतःच्या कामाबद्दल दोन प्रश्न विचारावेत. ते किती वर्षं टिकायला हवं? आणि अंदाज चुकला तर ते नंतर वाढवता येईल का?

काम २०५० च्या आसपास संपणारं असेल तर मधला अंदाज पुरतो. तोवरची वाढ बरीचशी ठरून गेली आहे, कारण समुद्राने उष्णता आधीच शोषली आहे. जगाने कार्बन कमी सोडला काय नि जास्त सोडला काय, आयपीसीसीचे (हवामानबदलाच्या विज्ञानाचा आढावा घेणारी संयुक्त राष्ट्रांची समिती) २०५० साठीचे मधले अंदाज १९९५–२०१४ च्या तुलनेत १८ ते २३ सेंटिमीटरच्या आत राहतात. मात्र ही जगाची सरासरी आहे. स्टॉकहोमजवळ जमीनच वर उचलली जाते आहे, तर जकार्ताचे काही भाग समुद्र चढतो त्यापेक्षा कितीतरी वेगाने खचले आहेत. तेव्हा स्थानिक भरतीमापकाची नोंद आणि जमीन खचण्याचा वेग पाहिल्याशिवाय कुठलाच आकडा वापरू नये.

२१०० पर्यंत टिकायचं असेल तर निवड अवघड होते. आयपीसीसीच्या २०२१ च्या अहवालात सर्वात कमी उत्सर्जनाला ०.२८ ते ०.५५ मीटर आणि सर्वात जास्त उत्सर्जनाला ०.६३ ते १.०१ मीटर असे पट्टे आहेत. अनेक आराखड्यांत १.०१ मीटर ही कमाल मर्यादा समजली जाते, आणि धोका इथेच आहे. हा ‘संभाव्य’ पट्टा आहे, म्हणजे प्रत्यक्ष वाढ त्यात पडण्याची शक्यता किमान ६६ टक्के. शिवाय ज्या प्रक्रिया बऱ्यापैकी समजल्या आहेत, तेवढ्याच त्यात धरल्या आहेत. अंटार्क्टिकाचे बर्फकडे भराभर कोसळू लागले तर काय, हे त्याच्या बाहेर राहतं. उत्सर्जन फार जास्त राहिलं तर २१०० पर्यंत २ मीटरच्या जवळपास वाढ नाकारता येत नाही, असं तोच अहवाल सांगतो.

मग २ मीटर धरून सगळं बांधायचं का? माझ्या मते नाही. रस्ता, वाहनतळ किंवा फिरायचा कट्टा बुडाला तर दुरुस्त होतो. तिथे संभाव्य पट्टा ठीक. अणुऊर्जा केंद्र, रुग्णालय, दाट वस्ती यांना मात्र २ मीटरची परीक्षा द्यायलाच लावावी. इतकं पाणी आलं तर काय बंद पडेल, माणसं कुठून बाहेर निघतील? उत्तर नसेल तर जागा बदलावी.

बैठकीत सेंटिमीटरपेक्षा वारंवारितेची भाषा लवकर कळते. आज शंभर वर्षांतून एकदा येणारी पाण्याची पातळी २१०० पर्यंत निम्म्याहून जास्त भरतीमापकांच्या ठिकाणी दरवर्षी गाठली जाईल, असा अंदाज आहे.

तिसरा मार्ग टप्प्याटप्प्याने बांधण्याचा. लंडनच्या टेम्स खाडीसाठी २०१२ मध्ये मंजूर झालेल्या आराखड्यात पुढची पावलं ठराविक तारखांना बांधलेली नाहीत. पातळी आणि इतर निर्देशक मोजत राहायचे, आणि ठरलेला टप्पा जवळ आला की पुढचं पाऊल उचलायचं. मला हा मार्ग सर्वात प्रामाणिक वाटतो, कारण अनिश्चितता लपवावी लागत नाही. पैसाही आज वाया जात नाही: भिंत बेताची ठेवायची, पण पाया उद्याच्या उंचीला पेलेल असा घ्यायचा. अडचण वेळेची आहे. मोठा भरतीरोधक दरवाजा निर्णयापासून वापरापर्यंत यायला दशकं लागतात, आणि समुद्राचा वेग वाढतो आहे: १९०१–१९७१ मध्ये वर्षाला १.३ मिलिमीटर, २००६–२०१८ मध्ये ३.७. म्हणून इशाऱ्याची पातळी ठरवताना बांधकामाचा काळ आधीच वजा करावा लागतो. मोजणी वर्षानुवर्षं करत राहणारी संस्थाही लागते.

जिथे भिंत उंचावायला किंवा वस्ती मागे सरकवायला पुढे जागाच उरणार नाही, तिथे टप्प्यांच्या भरवशावर राहू नये. तिथे आजच वरचा आकडा धरावा, नाहीतर बांधू नये.